आधी हाक, मग हात

तुमची होडी काठाला लागायच्या आत मी ‘आदा!’ म्हणून ओरडलो आणि तुम्ही सगळे दचकलात, हो ना? अहो, आदा म्हणजे आमच्या बोडो भाषेत दादा! दैसाम नदीच्या या घाटावर पाण्यातून कुणीही येवो, त्याला आधी हाक मारायची, मग पुढचं. का, ते ऐका.

मी हाब्राम मोसाहारी. मोसा म्हणजे वाघ. आमचं कूळ म्हणजे त्याचे भाऊबंद. पूर्वी म्हणे आमच्या कुळातली रोंजाली त्या समोरच्या बेटावर छपरासाठी गवत कापायला गेली, आणि भूतानच्या डोंगरातून लोंढा आला. बेट बुडू लागलं. वळून बघते तर मागे वाघ! इकडे आड, तिकडे विहीर. पण बाई धीराची. म्हणाली, “आदा, हे पाणी दोघांनाही गिळणार. मला पलीकडे ने. अंगणातल्या सिजौची शपथ, तू गेलास की माझ्या घरी तुझं सुतक धरीन.”

सिजौ म्हणजे ते काटेरी झाड, आमच्या बाथौ देवाचं ठाणं. त्याची शपथ कोण मोडेल?

वाघ पाण्यात उतरला आणि तिनं त्याची शेपटी धरली! ओंडके अंगावर येत होते, भोवरे ओढत होते, पण वाघानं मान वळवली नाही, असं सांगतात. काठ आला, अगदी हाताशी आला!

काठावर तिचा थोरला भाऊ दैमालु भाला घेऊन उभा. सकाळपासून बहिणीला शोधत होता बिचारा. त्याला दिसला वाघ आणि त्याच्यामागे बहीण. कुणालाही वाटेल तेच त्याला वाटलं. रोंजालीच्या नाकातोंडात पाणी. ती ओरडेपर्यंत भाला सुटला होता.

“एक हाक तरी मारायचीस!” ती रडत म्हणाली. “यानंच मला आणलं रे!”

दैमालुनं पाण्यात धावत जाऊन भाला उपसला, पण वाघ गेला होता. त्या दिवशी दोघांनी चूल पेटवली नाही. घर सारवलं, कपडे-भांडी धुतली, सख्ख्या भावाचं धरावं तसं सुतक धरलं.

आजही कुठे वाघ मेल्याचं कानावर आलं की मोसाहारींची चूल थंड असते. गेल्या माघात रेडिओवर तशी बातमी लागली, तेव्हा हा म्हातारा ढसाढसा रडला. हसा खुशाल!

आणि या घाटावरची हाक? दैमालुची राहून गेली, ती आम्ही मारतो. मघाशी तुमच्यापैकी एकानंही ओ दिली नाही. द्या की आता!