काटेबोंडीची पाकळी

डोंगराआड एक गाव होतं. तिथं ऊन उशिरा यायचं, लवकर जायचं, आणि असायचं तेवढा वेळही धुरकटच असायचं. कारण त्या गावात काहीही दुखलं की लोक धुरी घ्यायचे. डोकं दुखलं, घ्या धुरी. नाक गळलं, घ्या धुरी. सुनेशी भांडण झालं तरी सासूबाई धुरी घेऊनच शांत व्हायच्या, आता बोला.

ही धुरी देणारा माणूस म्हणजे रावजी, छोट्या हौसाचे वडील. ती त्यांना आबा म्हणायची. ओवा, वेखंड, कडुनिंबाचा पाला, वाळलेली फुलं असं काय काय कुटून ते एकत्र करायचे आणि दारोदार फिरायचे. बायकांना शेगडीवर धुरी, म्हाताऱ्यांना चिलमीत भरून. म्हातारे मोठ्या ऐटीत सांगायचे, "आमच्या चिलमीत तंबाखू नाही हो, नुसता औषधी पाला." पण धूर तो धूर. आपण कशाचे आहोत हे त्याला कुठं ठाऊक असतं? त्यात गावाची रीत अशी, की प्रत्येक चिलीम आबांनीच पेटवायची, पहिला झुरका आबांनीच मारायचा आणि मग ती पुढं द्यायची.

असा सगळ्या गावाच्या वाटचा पहिला धूर आबांच्या छातीत जाऊन बसला. तो काही केल्या बाहेर निघेना.

आता आबा आडवे झाले की त्यांचा जीव घाबरा व्हायचा. म्हणून बिचारे भिंतीला टेकून, बसल्या बसल्याच झोपायचे. छातीतून सूं-सूं असा आवाज यायचा. हौसाला आई नव्हती. त्या आवाजाच्या सोबतीनंच ती झोपी जायची. आवाज चालू आहे म्हणजे आबा आहेत, एवढं तिला कळायचं.

शेगडी आता हौसाच घेऊन जायची. इवलीशी पोर आणि तिच्याहून जड ती शेगडी. डोळे कायम लाल. बायका विचारायच्या, "रडलीस का गं?" ती म्हणायची, "नाही काकू, धूर गेला." कधी कधी ते खोटं असायचं.

एकदा पाला गोळा करायला ती वैद्यांच्या जुन्या बागेत गेली. वैद्य जाऊन खूप वर्षं झाली होती. बाग नुसती नावाची. सगळीकडे करडी झुडपं आणि भुरकट गवत. पण एका कोपऱ्यात, पडक्या कुंपणापाशी, एक फूल उभं होतं. मधे नारिंगी, चमचमतं, काटेरी बोंड, आणि त्याखाली जांभळ्या-गुलाबी पाकळ्या. म्हणजे एकेकाळी पुष्कळ असतील, आता दोनच उरल्या होत्या. वैद्यांनी त्याचं बी लांबच्या देशातून आणवलं होतं. नाव होतं इचिनेशिया. गावातल्या कुणाची जीभ तिकडं वळेना, म्हणून सगळे म्हणायचे काटेबोंडी.

हौसानं फूल खुडायला हात पुढं केला. वाळवलं असतं तर धुरीत चाललं असतं. पण त्याची मान तहानेनं अशी खाली पडली होती, की तिचा हात मागं आला. तिनं आपल्या तांब्यातलं सगळं पाणी त्याच्या मुळाशी ओतलं.

बोंडातून लखकन उजेड आला. काट्याकाट्यावर सोनेरी ठिणग्या नाचल्या आणि बोटाएवढी एक परी वर येऊन बसली. तिचे चिमुकले पंख अगदी त्या दोन पाकळ्यांसारखे होते, जांभळे, गुलाबी, कडेला चंदेरी.

"तुझं पाणी मला दिलंस. आता तुला तहान लागेल," परी म्हणाली.

"लागू दे. घरी आहे की," हौसा म्हणाली.

परी हसली. "माझी एक पाकळी घे. ती एक इच्छा पुरी करते. पण स्वतःसाठी मागायचं नाही. मोठ्यानं बोलून मागायचं. आणि ज्याच्यासाठी मागशील, त्याच्या श्वासाला पाकळी भिडली पाहिजे. ती कशी, ते मला सांगायची मुभा नाही."

"त्यात काय सांगायचं?" हौसा म्हणाली. धुरीवाल्याची लेक ती. श्वासाला भिडवायचं म्हणजे विस्तवावर टाकायचं, हे तिला जन्मापासून माहीत. परीचे ओठ हलले. पण नियमापुढं तीही लहानच. तिनं फक्त पंख अंगाशी घट्ट ओढून घेतले.

हौसा धावत घरी आली. शेगडी आबांच्या पुढ्यात ठेवली, निखाऱ्यावर पाकळी टाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "माझ्या आबांना आडवं होऊन निवांत झोपता येऊ दे."

जांभळा धूर भसकन वर आला आणि आबांना खोकल्याची अशी उबळ आली, की त्यांचे ओठ काळेनिळे पडले. हौसानं घागर उचलून शेगडीवर उपडी केली. किती तरी वेळानं त्यांचा श्वास परत आला, तोही दोऱ्यासारखा बारीक. ते तिला रागावले नाहीत. तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "पुरे गं, बाळ." त्यामुळं तर तिला आणखीच वाईट वाटलं.

उजाडता उजाडता ती बागेत गेली. परी बोंडावर बसली होती. तिचा एक पंख जळून काळा पडला होता.

"हे कशानं झालं?" हौसानं विचारलं आणि तिचं तिलाच कळलं. "मी केलं. मीच जाळला तुझा पंख." ती खाली बसली आणि हमसून हमसून रडली. आज धुराचं नाव सांगायला धूरही नव्हता.

"अजून एक आहे," परी हळूच म्हणाली. "सूर्य वर आला की हे फूल वाळणार. त्याआधी घे."

"नको."

"मग आबा?"

तुम्हीच सांगा, काय करणार हौसा? घरी आबांचा श्वास दोऱ्यावर आलेला, आणि समोर हा एवढासा शेवटचा पंख. तिनं नाक पुसलं. "त्यांच्यासाठी मी दुसऱ्या कुणाला जाळलं, हे आबांना आवडायचं नाही. पाकळी द्यायची तर दे, पण मी तिला विस्तव दाखवणार नाही. इच्छा राहिली तर राहिली. आबांनी जन्मभर वाळलेलीच फुलं कुटली. त्यांना एक ओली पाकळी नुसती दाखवते."

पाकळी अलगद तिच्या तळहातावर उतरली.

घरी आबा भिंतीला टेकून होते. डोळे मिटलेले. "आबा, बघा तरी," ती म्हणाली. त्यांना डोळे उघडवेनात. मग तिनं पाकळी त्यांच्या मिशीवर, नाकाखाली ठेवली. "वास तरी घ्या. तुम्हाला निवांत झोपता यावं, एवढंच मागायचं होतं मला." त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडता रडता तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा घरात काहीच ऐकू येत नव्हतं. सूं-सूं थांबली होती.

आबा जमिनीवर पडले होते. हात लावून बघायचा हौसाला धीर होईना.

तेवढ्यात उंबऱ्यात उजेड झाला. त्यात परी होती, दोन्ही पंख पहिल्यासारखे जांभळे, गुलाबी, चंदेरी. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि आबांच्या मिशीकडे दाखवलं. हौसानं वाकून पाहिलं. मिशीवरची पाकळी हळूच वर होत होती, हळूच खाली येत होती. पुन्हा वर, पुन्हा खाली. कसलाही आवाज न करता.

हौसानं मान वर केली तर परी त्या उजेडातच विरून गेली होती. दारात नुसतं ऊन होतं, आणि आज त्यात धूर नव्हता.

थोड्या वेळानं शेजारचे तात्या काठी टेकत दाराशी आले. हातात चिलीम होती. "रावजी, जरा पेटवून दे रे."

हौसा दारात आडवी उभी राहिली. "आज नाही, तात्या. आबा झोपलेत."

"बसल्या बसल्या डुलकी लागली असेल. उठव की."

"नाही," हौसा अगदी हळू बोलली. "आडवे झोपलेत."

तात्यांनी चिलीम खिशात घातली आणि काठीचा आवाज होऊ न देता परत गेले.