अर्धा रंग शेठच्या ओसरीवर

"राजवाड्यासाठी तीनशे शेले, लालभडक, पंधरा दिवसांत! आणि नदीत रंगाचा एक थेंब जरी दिसला, तर तुझ्या हौदांना कायमचं कुलूप!"

अनंतशेठ बावनदुकाने असं म्हणाले आणि ठकू रंगारणीने मान डोलावली. मान डोलावण्याआधी विचार करावा, ही सवय तिला कधी लागलीच नाही. घरी परतताना मात्र ती बोटं मोजू लागली. तिच्या हौदांवर बारा बायका राबत होत्या. कुलूप लागलं की बारा चुली थंड!

शेठची बावन्न गावांत बावन्न दुकानं. गेल्या महिन्यात राणीसाहेब नदीवर स्नानाला गेल्या आणि जांभळ्या होऊन परतल्या. 'नदी मळवणाऱ्याचा माल राजवाड्यात नको,' असा त्यांचा निरोप आला आणि त्या दिवसापासून शेठना नदीचा भलताच पुळका आला. दुकानादुकानावर पाटी लागली: 'आमच्या कापडाने नदी मळत नाही.' विणकर, शिंपी, रंगारी सगळ्यांना बोलावून शेठनी नदीत रंग न ओतण्याच्या शपथा घातल्या. "आजपासून तुम्ही माझे चाकर नव्हे," ते गहिवरून म्हणाले, "भागीदार!" मग गूळ वाटला. ठकूने दोन खडे उचलले.

तसं पाहिलं तर काम अवघड नव्हतं. एकाच हौदात शेल्यांमागून शेले बुडवत गेलं की रंग कापडातच उतरतो. मागे उरतं ते फिकट पाणी, ते अंगणातल्या राखेच्या खड्ड्यात मुरवायचं; गडद रंग मात्र तिथे मुरत नाही. ठकूने लाल रंगाचे पाच हौद भरले. तिसऱ्या दिवशी, पहिला शेला बुडणार तोच शेठचे दिवाणजी धापा टाकत आले.

"थांबा! लाल नको. शेठ म्हणतात, हिरवा!"

"आन् ह्ये भरलेलं हौद?"

"रिकामे करा."

"कुठं? नदीत?"

"छे छे! शपथ विसरलीस?"

"मग कुठं वतू?"

"ते तुमचं तुम्ही बघा," दिवाणजी म्हणाले. "नियम आमचा, पाणी तुमचं."

ठकूने गावभर मागून वीस रांजण जमवले आणि सगळा लाल रंग त्यांत भरला. हौदांत हिरवा रंग कालवला. सहाव्या दिवशी दिवाणजी पुन्हा हजर! राणीसाहेबांच्या बहिणीने हिरव्याला नाक मुरडलं होतं. आता जांभळा हवा होता.

आणखी वीस रांजण भरले. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. बाराही बायका ठकूच्या तोंडाकडे पाहू लागल्या. ठकूला फार संकोच वाटला, कारण आपल्या डोक्यात किती उजेड आहे हे तिला ठाऊक होतं. नवऱ्याचा एकुलता एक पांढरा फेटा धुवायचा म्हणून निळीच्या हौदात टाकणारी बाई ती! वर त्याला तसंच लग्नाला धाडलं होतं.

"माझ्याकडं काय बगता गं?" ती म्हणाली. "माझी अक्कल गुडघ्यात, आन् गुडघं तर कवाचं दुखत्यात!"

एवढं बोलून ती मटकन खाली बसली. डोकं चालेना, म्हणून शेठचंच ते गहिवरलेलं बोलणं आठवत राहिली आणि एकदम उठून उभी राहिली. "गाड्या जुपा!"

दुपारी भर पेठेत पाच बैलगाड्या थांबल्या. शेठच्या ओसरीवर दहा लाल आणि दहा हिरवे रांजण ओळीने उभे राहिले. गिऱ्हाइकं लुगडी सावरत मागे सरली. शेठ गादीवरून धावत बाहेर आले. "ठकू! हा काय घोळ मांडलास?"

"घोळ न्हाई शेठ, वाटणी. निम्मं रांजण माज्या अंगणात, निम्मं तुमच्या वसरीवर."

"माझा काय संबंध? रंग तू कालवलास!"

"कालवला म्या. बदलला कुनी?"

शेठ चिडून म्हणाले, "अगं, मी पाटी लावली, शपथा घातल्या, तपासायला माणसं धाडली! आणखी काय करू?"

"यवढंच करा. लाल म्हनलात की शेलं लाल होईस्तवर गप बसा! कापडानं रंग पिला, की नदीला प्यायला उरतच न्हाई. मी अडानी बाई, मला वाटलं भागीदार म्हंजी नफ्यात बी आन् गाळात बी. चुकलं आसंल तर सांगा, रांजण परत न्हेते. पर मग तुमी शपथ सोडवा, म्हंजी वाटंत नदीत वतून जाईन!"

शेठनी रांजणांकडे पाहिलं, वरच्या पाटीकडे पाहिलं आणि त्यांना एकदम हसू फुटलं. पोट धरधरून हसताना त्यांचा पाय घसरला, एक हिरवा रांजण हिंदकळला आणि पांढरंशुभ्र धोतर गुडघ्यापर्यंत हिरवं झालं!

"जांभळ्या झाल्या राणीसाहेब, हिरवा झालो मी!" ते डोळे पुसत म्हणाले. "नदीत रंग ओतणारा गावभर शोधत होतो, तो माझ्याच गादीवर लोळत होता! बोल, आता या रांजणांचं काय करायचं?"

"शंभर लाल, शंभर हिरवं, शंभर जांभळं. समदा रंग कापडात. राणीसाहेबांनी पायजे त्यो उचलावा."

"ठरलं! आणि मुदत वाढवली. यापुढे रंग हौदात पडला की माझी जीभ बांधलेली!" शेठनी ठकूला सगळ्या बावन्न दुकानांचं रंगाचं काम दिलं. वर फडताळ उघडून म्हणाले, "तुला आवडेल तो शेला घे."

ठकूने लाल उचलला. मग म्हणाली, "न्हाई, हिरवा." तो खांद्यावर टाकून पाहिला. "छ्या! त्यो मोरपंखी काढा बगू. का पिवळा बरा?"

"ठकू, ठरव एकदाचं!" शेठ ओरडले. "नाहीतर हे वीसही रांजण तुझ्या दारात पाठवीन!"

ठकूने जीभ चावली आणि लाल शेला पुन्हा उचलला.

"पाठवा की," ती म्हणाली, "पर धाच! मी भागीदार हाय!"

शेठ पुन्हा हसले आणि दुसरं धोतर मागवायला आत गेले.