शनिवारचा धूर

फार फार वर्षांपूर्वी, राजे आपल्या चुकासुद्धा दवंडी पिटून जाहीर करत असत त्या काळी, समुद्राकाठी एक छोटेसे राज्य होते. तिथला म्हातारा राजा एक युद्ध हरला आणि त्याच दुःखात वारला. गादीला वारस नव्हता. सेनापती पंचांकडे गेला आणि म्हणाला, "पावसाळ्यापुरता कारभार माझ्या हाती द्या. घडी बसली की परत करतो."

पंचांनी तो दिला. पावसाळा संपेपर्यंत पंच तुरुंगात गेले होते. त्यामुळे कारभार कोणाला परत करायचा, हा प्रश्न आपोआप मिटला.

आता हरलेल्या युद्धाचा दोष कोणाला तरी द्यायला हवा होता. युद्ध सेनापतीने लढवले होते, म्हणून तो सोडून इतर सर्वांचा विचार झाला.

त्या राज्यात तेल गाळणारी काही कुटुंबे राहत. त्यांचे पूर्वज कधी काळी फुटलेल्या गलबतातून किनाऱ्याला लागले होते. त्यांचा देव एकच, त्याला मूर्ती नाही. आठवड्यातला शनिवार ते त्या देवाला देत. त्या दिवशी घाणा बंद, चूल बंद. आदल्या दिवशी शिजवलेले गार अन्न खायचे आणि प्रार्थना करायची. लोक त्यांना शनवारे म्हणत. त्यांचे तेल चोख असे. ते शनिवारी मिळत नाही, याखेरीज त्यांच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

सेनापतीने चौकशीसाठी विद्वान नेमले आणि त्यांचा वेळ वाया जाऊ नये म्हणून निष्कर्ष त्यांना आधीच कळवला. विद्वान म्हणाले, शनवारे शनिवारी स्वस्थ बसून शत्रूच्या विजयासाठी प्रार्थना करतात, म्हणून आपण हरलो. लोक आधी हसले. पण तेच रोज चौकात ऐकू येऊ लागल्यावर, यात काहीतरी असेल, असे त्यांना वाटू लागले.

मग दवंडी आली. शनिवारी प्रत्येक छपरातून धूर निघालाच पाहिजे. ज्या घरातून निघणार नाही, ते घर राज्याचे शत्रू. त्या घरातल्या माणसांना नेण्यात येईल आणि घर शेजाऱ्याला देण्यात येईल. शिपाई टेकडीवर उभे राहून छपरे पाहू लागले. ज्यांना नेले, ते परत आले नाहीत. शेजारी मात्र बरेच सावध झाले.

एका आळीत एका कुंभाराच्या भिंतीला लागून एका म्हाताऱ्या शनवाऱ्याचे घर होते. घरात त्याची विधवा सून आणि दोन नातवंडे. दवंडी ऐकून कुंभारीण नवऱ्याला म्हणाली, "अहो, सगळ्या आळीनंच शनिवारी चूल बंद ठेवली तर? कोणाकोणाला नेतील?"

कुंभाराने आळीत विचारून पाहिले. कल्पना सर्वांना आवडली. सुरुवात दुसऱ्याने करावी, एवढेच प्रत्येकाचे म्हणणे होते.

तेव्हा कुंभाराने वेगळा मार्ग काढला. शनिवारी सकाळी तो म्हाताऱ्याच्या घरात शिरला आणि चुलीपुढे बसून काटक्या मोडू लागला.

"अरे, हे काय चालवलंस?" म्हाताऱ्याने विचारले.

"थंडी वाजतेय, बाबा."

"या उन्हाळ्यात?"

"आम्हा कुंभारांना जाळाची सवय. तुम्ही तिकडं तोंड करून बसा."

म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड केले. "मी तुला पेटव म्हणणार नाही," तो म्हणाला, "आणि विझवही म्हणणार नाही."

असे कित्येक शनिवार गेले. छपरातून धूर निघे आणि शिपायांची नजर पुढे सरके.

पुढे सेनापतीने स्वतःला राज्याभिषेक करून घ्यायचे ठरवले. मेजवानीच्या मडक्यांचे काम कुंभाराकडे आले. कुंभारीण लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेली होती. वेळ थोडा होता, म्हणून कुंभाराने शनिवारी पहाटे आवा लावला. आव्यात मडकी भाजू लागली की जागा सोडता येत नाही. जाळ कमीजास्त झाला तर सगळा माल तडकतो. म्हाताऱ्याकडे चूल पेटवायला जायची वेळ झाली, तेव्हा नेमका वारा फिरला. कुंभार मनाशी म्हणाला, "एका शनिवारानं काय होतंय? माझ्या आव्याचाच एवढा धूर आहे, वरून कोणाला काय कळणार?"

शिपायांना कळले. ते आपले काम मन लावून करत.

म्हाताऱ्याला, सुनेला आणि मुलांना बाहेर काढले, तेव्हा कुंभार आव्याशी उभा होता. धाकट्या नातवाने त्याला हात केला. म्हातारा क्षणभर थांबला.

"आवा नीट लागलाय ना?" त्याने विचारले.

कुंभाराने मान हलवली. मडकी उत्तम भाजली गेली.

कुंभारीण परतली तेव्हा शेजारचे घर, घाणा आणि बैल नवऱ्याच्या नावावर झाले होते. घाणा रोज चालला पाहिजे, असा हुकूम होता.

"नाही म्हटलं असतं तर संशय आला असता," कुंभार म्हणाला.

"तेल तुम्ही गाळा," ती म्हणाली. "त्यातला थेंबही मी घरात घेणार नाही."

बैल रोज निमूटपणे फिरला. शनिवारी मात्र तो बसला. त्याला जन्मभर शनिवारी कोणी जुंपले नव्हते. कुंभाराने त्याला चुचकारले, शेपूट पिरगाळली, काठीही मारली. बैल उठला नाही. घाण्याचा आवाज येईना, तेव्हा शिपायांचा नाईक दारात आला.

"शनिवारी घाणा बंद?"

"सरकार, बैल उठत नाही."

"अस्सं. आणि याला हे कोणी शिकवलं?"

"मी शनवारा नाही, सरकार. कुंभार आहे. आळीत विचारा कोणालाही."

नाईकाने विचारले. एकाचे दूध उतू चालले होते, त्याने दार अर्धेच उघडले. दुसरा पलीकडचा विणकर, त्याचा ताणा मागावर चढत होता. तिसरा म्हणाला, "पूर्वी कुंभार होता खरा. हल्ली तेल गाळतो. आमचं काही जाणं-येणं नाही."

कुंभाराला आणि कुंभारणीला बाहेर काढले. उंबरठ्यावर थांबून ती आळीकडे पाहून म्हणाली, "आज आमच्या बाजूनं बोलून तरी काय उपयोग? बाबांना नेलं, तेव्हा कोणीतरी मध्ये पडायचं होतं. आम्हीसुद्धा."

नियमाप्रमाणे ती दोन्ही घरे पलीकडच्या विणकराला मिळाली. त्याला ती घेताना आनंद झाला नाही, पण त्याने घेतली. पुढच्या शनिवारी सूर्य उगवण्याआधी त्याने तिन्ही घरांतल्या चुली पेटवल्या आणि बाहेर येऊन तो उजाडेपर्यंत छपरांकडे पाहत राहिला.

यातून घ्यायचे ते एवढेच: शेजाऱ्यावरचा अन्याय आपण कामाच्या गडबडीत चालू दिला, की आपली पाळी येते तेव्हा सगळेच कामात असतात.