दोराच्या पोटातला वाख

“सून गुणाची आहे हो, पण सोमवारीसुद्धा रविवारसारखीच वागते. एवढं कुणाला झेपतंय?”

फार पूर्वी एका गावात एक दोर वळणारा राहत होता. त्याची बायको हे त्याच्या कानाशी बोलली, पण तिला कानाशी बोलायची सवय नव्हती. भिंतीपलीकडे वाख निवडत बसलेल्या नव्या सुनेला शब्दन् शब्द ऐकू गेला. तिनं मान आणखी खाली घातली. लग्नाला दोन महिने झाले होते आणि घरात तिचा आवाज अजून कुणी धड ऐकला नव्हता.

तिचा गुन्हा तसा लहानच होता. घायपाताच्या पानांतून जे धागे निघतात, त्यांना वाख म्हणतात. त्याचेच दोर वळतात. सकाळी तिनं त्यातला काळा पडलेला, कुजका वाख कचरा समजून उकिरड्यावर टाकला होता. सासूनं तो धावत जाऊन परत आणला आणि झटकला.

“अगं, हा टाकायचा नसतो. हा दोराच्या पोटात जातो. वरून चांगला फिरवला की झालं.”

हे ख्रिस्ती घर गावात देवभक्त म्हणून ओळखलं जायचं. जेवणाआधी प्रार्थना, संध्याकाळी गायन, आणि रविवार तर असा कडक, की दोर वळायच्या चाकाला कुणी हात लावायचा नाही. बाहेर पोरं आट्यापाट्या खेळताना दिसली, तरी सासरा खिडकी लावून घ्यायचा. स्वतःच्या मुलाला, म्हणजे सुनेच्या नवऱ्याला, त्यानं रविवारी कधी खेळू दिलं नव्हतं. बिचारा सोमवारी चाक फिरवताना शीळ घालून घ्यायचा.

यंदा सासऱ्यानं पुनरुत्थानाच्या सणाला देवळाला नवी बाजाची पेटी द्यायचं कबूल केलं होतं. चांगला वाख बाजारात नेऊन विकायचा आणि त्यातून पेटी घ्यायची, असा बेत. तेव्हापासून दोराच्या पोटात कुजका वाख जरा जास्तच जायला लागला.

“अहो, हे बरं आहे का?” सुनेनं एकदा नवऱ्याला हळूच विचारलं.

“बाबा स्वतःसाठी थोडंच करतायत? देवाच्याच घरी जाणार आहे सगळं,” तो म्हणाला आणि शीळ घालायला लागला.

शनिवारी शेजारच्या वाडीतला एक गाळवाला बायकोला घेऊन आला. विहिरींत उतरून गाळ काढायचा, हे त्याचं काम. उन्हाळा लागला होता, विहिरी तळाला गेल्या होत्या.

“सलाम, दोरवाले! चाळीस हात दोर द्या. सोमवारी सकाळीच मोठ्या विहिरीत उतरायचंय.”

“उकलून बघ, ताणून बघ,” सासरा रीत म्हणून बोलला.

“तुमचा दोर काय उकलायचा? दुसरीकडे उकलतो. तुम्ही देवाची माणसं!”

सासऱ्यानं नुसतीच दाढी खाजवली.

गाळवाल्याची बायको मात्र सुनेजवळ आली. “काय गं ताई, धरेल ना? आमचं हे ध्यान वजनाला कमी नाही. भाकरी खातात तीन पोरं, आणि वाढतो हाच!”

सुनेला हसू आलं आणि लगेच गेलंही. तो दोर वळताना तिनं पाहिला होता. सासू तिच्याकडे बघत होती. नवरा जमिनीकडे बघत होता.

“मामंजी फार भक्त आहेत,” सून म्हणाली.

हे खोटं नव्हतं. फक्त बाईनं हे विचारलंच नव्हतं. तरी तिचं समाधान झालं, आणि नवरा-बायको दोर घेऊन गेली.

रविवारी देवळात सुनेला गाता येईना. तोंड उघडलं, की ‘धरेल ना?’ एवढंच कानात यायचं. घरी पानं वाढली. सासऱ्यानं डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली. आजाऱ्यांसाठी केली, प्रवाशांसाठी केली, जोखमीची कामं करणाऱ्यांसाठी केली, आणि प्रभू येशूच्या नावानं संपवली. सगळे ‘आमेन’ म्हणाले. सून म्हणाली नाही.

“आमेन म्हण गं, आमटी निवतेय,” सासू म्हणाली.

सून उठली. “मी वाडीवर जाते. उद्या तो माणूस त्या दोरावर उतरेल.”

“आज रविवार आहे!”

“सोमवारी सांगून उपयोग नाही, आई.”

सासरा पानाकडे बघत राहिला. आपण आत्ता कुणासाठी प्रार्थना केली, ते बहुधा त्याला उशिरा ऐकू आलं असावं. तो उठला, चपला घातल्या आणि सुनेच्याही पुढे चालायला लागला.

वाडीत त्यानं दोर मागून घेतला, झाडाच्या फांदीवरून टाकला, एका टोकाला माणसाच्या वजनाचा दगड बांधला आणि गाळवाल्याला म्हणाला, “ओढ.”

दगड हातभर उचलला गेला आणि दोर तुटला. तुटल्या जागी काळा वाख बाहेर आला.

गाळवाल्याची बायको सुनेकडे नुसती बघत राहिली. हिनं दोन थपडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुनेला वाटलं.

“मीच उकलून बघायला हवा होता,” गाळवाला घाम पुसत म्हणाला.

“नाही रे. तुला उकलायला लागू नये, असा मी वळायला हवा होता,” सासरा म्हणाला. “दिवस मावळायच्या आत नवा देतो.”

घरी येऊन त्यानं चाकावरचं फडकं काढलं. पेटीसाठी राखलेला उत्तम वाख सगळा बाहेर आला, कारण याआधी विकलेले दोरही आता बदलून द्यायचे होते.

“आणि पेटी?” सासूनं विचारलं.

“जुनीच राहील. तिचा एकच सूर अडकतो. तिथे आपण जरा मोठ्यानं गाऊ.”

नवरा चाक फिरवू लागला, सासरा मागे मागे चालत वाख सोडू लागला, सून निवडून देऊ लागली. सासूनं कुजका वाख उचलला, जरा थांबली, आणि चुलीत घातला.

रविवारच्या दुपारी चाकाची करकर गावभर गेली. लोक जमले.

“काय हो भक्त! आमच्या पोरांच्या खेळाला खिडकी लावता, आणि हे काय?”

“म्हाताऱ्याला ऊन लागलं वाटतं!”

सासऱ्याचे कान लाल झाले, पण पाय थांबले नाहीत. तेवढ्यात देवळाचे पंच आले. या पंचांना कुठल्याही गोष्टीचं तात्पर्य जागच्या जागी लागायचं.

“दोरवाले, प्रभूच्या दिवशी काम? लोकांनी यातून काय तात्पर्य काढायचं?”

मग सून वाख खाली ठेवून उभी राहिली, आणि गावानं तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

“पंच, काल एका बाईनं मला विचारलं, दोर धरेल ना. धरणार नाही, हे मला माहीत होतं. तरी मी तिला मामंजींची भक्ती सांगितली. आमच्या भक्तीला धरून कुणी विहिरीत उतरत नाही, दोराला धरून उतरतं. तात्पर्य हवंच असेल तर एवढंच, की प्रभूला द्यायचं ते आधी दोराच्या पोटात घालावं. पेटीचं मग बघावं. आणि जरा सरका, तुमचा पाय दोरावर आहे.”