अकरा दिवसांची बेकारी

“किती दिवस बेकार राहणार? नेमका आकडा सांग! एक दिवसही इकडेतिकडे चालायचा नाही!” दिवाण विसाजीपंतांनी बोरू शाईत बुडवला.

समोर सगुणा उभी होती. कालपर्यंत ती चंदनगडच्या राजवाड्यातली तासकरीण होती. पाण्यात तरंगणारी भोकाची वाटी बुडाली की घटका भरली, हे मोजायचं आणि काशाच्या तासावर टोला द्यायचा, हे तिचं काम. पण राजे रायाजीरावांनी विलायती घड्याळ आणलं. पुरुषभर उंच, पोटात साखळीला टांगलेलं पितळी वजन, आणि ठोके आपले आपण! तीन दिवस वाटी आणि घड्याळ शेजारीशेजारी चालली आणि आज सूर्योदयालाच सगुणेला नारळ मिळाला. घरी आंधळा सासरा, दोन पोरं आणि डब्यात मूठभर नाचणी.

राजांच्या आजोबांनी मोठ्या मनाने एक सोय करून ठेवली होती. प्रत्येक नोकराच्या पगारातून महिन्याला एक आणा निर्वाहपेटीत जाई, आणि नोकरी गेली तर नवं काम लागेपर्यंत त्याला अर्धा पगार मिळे. पंत दिवाण झाले आणि त्यांनी त्यात फक्त एका ओळीची भर घातली: बेकारीचे दिवस आधी सांगावेत, अंदाज चुकल्यास काही मिळणार नाही. त्या ओळीने कमाल केली! जुना आचारी चाळीस दिवस म्हणाला, त्याला एकोणचाळिसाव्या दिवशी काम लागलं. घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार वीस म्हणाला, तो एकविसाव्या दिवशीही रिकामाच होता. दोघांनाही भोपळा! पेटी दरवर्षी जड होत गेली आणि पंतांना काटकसरीबद्दल शालजोडी मिळाली.

“अकरा दिवस,” सगुणा म्हणाली. “आजचा धरून.”

दरबारात हशा पिकला. राजे पुढे झुकले. “आणि बाराव्या दिवशी तुला काम कोण देणार?”

“आपणच, महाराज!”

राजांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “मी? हे घड्याळ असताना? अगं, या यंत्राला माणूस लागत नाही! पंत, लिहा! अकरा दिवस खरे ठरले तर दुप्पट देऊ. नाहीतर फुटकी कवडी नाही!” आणि त्याच जोशात त्यांनी आणखी एक हुकूम सोडला. यापुढे राजवाड्यात ताट असो की पहारा, घड्याळाच्या ठोक्याशिवाय काही हलणार नाही.

घड्याळ विकणारा जाताना काहीतरी सांगू बघत होता म्हणे. पण तो बक्षिसी मागेल या भीतीने पंतांनी त्याला आधीच वाटेला लावलं होतं.

पाचव्या दिवशी पंतांचा गडी सगुणेच्या दारात हजर. “सगुणाबाई, पंतांकडे एक दिवस भांडी घासायला चला. चार आणे देतो म्हणालेत!”

“चार आणे? एवढं मन कधी मोठं झालं त्यांचं?” सगुणा हसली. “त्यांना म्हणावं, अकरा दिवस मला बेकारीतून फुरसत नाही!”

गडी गेल्यावर मात्र तिने पोरांच्या पेजेत आणखी एक तांब्या पाणी ओतलं. तेव्हा तिला हसू येत नव्हतं.

अकराव्या दिवशी बाराला जरासं कमी असताना घड्याळ थांबलं.

राजे पाटावर बसले होते. बारा ठोके पडले की ताट येणार. ठोके पडेनात! सूर्य माथ्यावर आला, कलला, भात गार झाला. आचारी वाढेना, पहारेकरी बदलेना. हुकूम तो हुकूम! पंतांनी घड्याळाला थापटलं, फुंकर घातली, शेवटी हात जोडले. हुकूम मागे घ्या म्हणण्याची छाती कुणाला होईना, आणि आपण होऊन मागे घेतील तर ते रायाजीराव कसले!

“सगुणेला बोलवा!” राजे गरजले.

सगुणा आली आणि उंबऱ्याशीच थांबली.

“हे चालू कर! आत्तापासून तू कामावर!”

“उद्या सूर्योदयाला हजर होते, महाराज.”

“उद्या? आणि तोवर मी उपाशी?”

“मी तरी काय करू? आज अकरावा दिवस. आज कामाला हात लावला तर मी दहाच दिवस बेकार राहिले. अंदाज चुकला, पैसे बुडाले! नियम दिवाणजींचा आहे, त्यांना विचारा.”

पंत सतरंजीची नक्षी बघू लागले. राजांच्या पोटात कावळे ओरडत होते. इतक्या वर्षांत त्या ओळीची झळ त्यांना आज पहिल्यांदा लागली होती.

“पंत, ती ओळ खोडा!”

“पण महाराज, पेटीची शिस्त...”

“खोडा म्हणतो ना! आणि आचाऱ्याचे, मोतद्दाराचे, ज्याचे ज्याचे बुडवलेत त्या सगळ्यांचे पैसे चुकते करा!”

बोरू कुरकुरला. ओळीवर आडवी रेघ पडल्याचं सगुणेने जवळ जाऊन पाहिलं, मगच ती घड्याळाकडे वळली. दार उघडून तिने साखळी ओढली. जमिनीला टेकलेलं वजन वर गेलं. तिने लंबकाला बोट लावलं आणि थोड्याच वेळात बारा ठोके पडले. बाहेर दिवेलागण होत आली होती!

चौथ्या घासानंतर राजांना बोलायचं त्राण आलं. “अकराच दिवस, हे तुला कळलं कसं?”

“वजन रोज चार बोटं उतरत होतं, महाराज. मला नारळ मिळाला त्या सकाळी ते जमिनीपासून एकेचाळीस बोटं वर होतं. दहा दिवस पुरलं, अकराव्या दुपारी टेकलं.”

“मग ते वर ओढावं लागतं, हे तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“घड्याळाबद्दल मला कुणी विचारलंच नाही! मी किती दिवस बेकार राहणार, तेवढंच विचारलं!”

राजे इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि पाण्याचा तांब्या घेऊन पंतांनाच धावावं लागलं. ठसका ओसरल्यावर राजांनी गळ्यातली मोत्यांची कंठी सगुणेला दिली, घड्याळाची कायमची नोकरी तिच्या नावावर केली, आणि अकरा दिवसांचे दुप्पट पैसे पंतांना स्वतःच्या हाताने मोजून द्यायला लावले. पंत मोजताना दोनदा चुकले. सगुणेने तिसऱ्यांदा मोजायला लावलं.