बटव्यात गेलेली नथ

राजेसाहेबांच्या जामदारखान्याची वेबसाइट अडली ती राणीसाहेबांच्या नथीपाशी! तलवारी दिसत, तबकं दिसत, पिकदाण्यासुद्धा दिसत; नथ मात्र पडद्यावर येईना.

संस्थान कधीच गेलं होतं; तोरा आणि दिवाणजींपासून मुकादमापर्यंतचा दरबार तेवढा शिल्लक होता. राजेसाहेब गरजले, "भालेराव, नथ कुठाय?"

भालेराव म्हणजे शहरातून आणलेले मुख्य अभियंता. "सरकार, वस्तू जशा ठेवल्यात तशाच संगणकात नोंदल्यात. कपाट हा ऑब्जेक्ट, त्यात पेट्यांचा अ‍ॅरे, म्हणजे यादी; पेटीत डब्यांचा. जावास्क्रिप्टमध्ये मी कपाटातलं एकेक तपासायला लूप लिहिला, त्याच्या पोटात पेटीसाठी दुसरा, त्याच्या पोटात डब्यासाठी तिसरा. नथ डब्यातल्या करंड्यात आहे. अजून एक लूप घालतो!"

घातला. नथ दिसली. तेवढ्यात राणीसाहेबांनी ती मखमली बटव्यात घालून बटवा करंड्यात ठेवला. नोंद बदलली, नथ पुन्हा गुल!

"उद्या आम्ही बटव्यात डबी ठेवू, डबीत आणखी डबी! आमची मर्जी!" राजेसाहेब कडाडले. "प्रोग्रॅमला पुन्हा हात लावायचा नाही आणि एकही वस्तू सुटायची नाही. संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर तुमच्या संगणक कचेरीला कुलूप!"

"अशक्य!" भालेराव घाम पुसत म्हणाले. "किती खोल जायचं ते कळल्याशिवाय लूप लिहू कसे?"

कोपऱ्यातून सुगंधा उठली. मुदपाकखान्यातल्या आचाऱ्याची ही मुलगी, तालुक्याच्या कॉलेजातून शिकून नुकतीच कचेरीत लागलेली. पहिलीच नोकरी, आणि तिलाच कुलूप! "सरकार, मी बघू?"

"बघ, बघ," भालेराव हसले. "कुलूप लागायचंच आहे."

सुगंधाने सगळे लूप पुसले आणि मोजक्या ओळींचं एक फंक्शन लिहिलं. नथ झळकली! राणीसाहेबांनी हट्टाने डबीत डबी घातली, नोंद वाढवली. नथ तरी हजर!

"हे कसलं चेटूक?" राजेसाहेबांनी विचारलं. "लूप किती घातलेस?"

"एकच, सरकार. तुमच्या दरबाराकडे बघून सुचलं. तुम्ही हुकूम सोडता. दिवाणजी तोच कारभाऱ्याला देतात, कारभारी तोच मुकादमाला, मुकादम पुढच्याला. मधे कोणी इकडची काडी तिकडे करत नाही! माझं फंक्शनही पेटी दिसली की आतल्या प्रत्येक वस्तूवर स्वतःलाच पुन्हा सोडतं. 'उघड, आत बघ!'"

भालेरावांनी लगेच तिला अडवलं. "मग ते थांबणार कधी?"

"जिच्या पोटात आणखी काही नाही, त्या वस्तूपाशी, साहेब! दरबारातही हुकूम तसाच थांबतो. ज्याच्या हाताखाली कोणी उरलेलं नसतं, त्याच्यापाशी. आणि काम काय ते तोच करतो!"

दिवाणजी आपल्या जोड्यांकडे बघू लागले. आणि राजेसाहेब असे हसले, असे हसले, की फेटा सुटून खांद्यावर आला!

"पोरी, आजपासून कचेरीची मुख्य तू! आणि भालेराव..."

"जी, सरकार?"

"आजपासून तुमच्या हाताखाली कोणी नाही!"