सुंद्राने मागितलेल्या दोन जागा

नदीच्या दोन काठांवरची दोन गावं एकमेकांना लेकी देत आणि कुरणावरून एकमेकांची माणसंही मारत. शेवटी तहाची बैठक बसली. रायाजी देसाईंनी गादीवरूनच ऐटीत नियम सांगितला, "ज्या घरातला माणूस पडला, त्या घराला बैठकीत एक जागा."

कपाळ पुसलेली सुंद्रा पुढे आली. देसाई खेकसले, "बायकांचं इथं काय काम?"

"नियम तुमचाच आहे, सरकार. अलीकडे नवरा गेला, पलीकडे भाऊ. मला दोन जागा हव्यात."

"दोन? जागा आहेतच कुठे?"

"एक तुमचीच रिकामी होईल. तुमच्या घरातलं कुणी पडलेलं नाही."

देसाई गादीवरून उठले. सुंद्रामागून एकेक बाई आत येऊ लागली, आणि जागा पुरेनात.